शैक्षणिक कर्ज माफ होणार का? नाशिकच्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले, सीईटीच्या फेऱ्या सुरू झाल्या की बँकांच्या शाखांत शैक्षणिक कर्जासाठी गर्दी होते. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर "सरकार कर्ज माफ करणार" हा निरोपही फिरू लागतो. त्या निरोपात खरं किती, आणि माफी नसेल तर पदरात पडण्यासारखं काय आहे, याची ही उत्तरं.

शैक्षणिक कर्जाची माफी आजवर कधी झाली आहे का?

मुद्दल माफ करणारी देशव्यापी योजना केंद्राने आजवर राबवलेली नाही. त्यातल्या त्यात जवळची घोषणा फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातली. ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी बाकी असलेल्या शैक्षणिक कर्जांवरचं थकलेलं व्याज सरकार उचलेल, असं तेव्हा जाहीर झालं. सुमारे ९ लाख विद्यार्थी आणि २,६०० कोटी रुपये असा अंदाज सांगितला गेला. तेही फक्त व्याज. मुद्दल आणि १ जानेवारी २०१४ नंतरचं व्याज विद्यार्थ्याच्याच माथी राहिलं.

मग माफीची चर्चा येते कुठून?

निवडणुकीतून. तमिळनाडूत २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकने शैक्षणिक कर्जमाफीचं आश्वासन दिलं होतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात होतं की १५ मार्च २०२४ रोजी थकीत असलेली शैक्षणिक कर्जं व्याजासह एकदाच रद्द करू आणि बँकांना सरकार भरपाई देईल. जाहीरनामा म्हणजे शासन निर्णय नव्हे. तुमच्या खात्यावरचा एक रुपयाही त्याने कमी होत नाही. चर्चेचा दुसरा उगम अमेरिका. तिथल्या बातम्या इथे पोचेपर्यंत "अमेरिकेने केलं, आपल्याकडेही होणार" अशा होतात.

अमेरिकेत नेमकं काय झालं?

तिथे बहुतेक विद्यार्थी कर्ज थेट केंद्र सरकार देतं. सुमारे ४.३ कोटी कर्जदार आणि सुमारे १.६ लाख कोटी डॉलर, एवढा तो पसारा. ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी जाहीर केलं की वर्षाला १ लाख २५ हजार डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांचे १० हजार डॉलरपर्यंत माफ होतील, आणि गरीब विद्यार्थ्यांसाठीचं पेल अनुदान ज्यांनी घेतलं होतं त्यांचे २० हजारांपर्यंत. खर्चाचा अधिकृत अंदाज सुमारे ४० हजार कोटी डॉलरचा होता. सरकारने आधार घेतला तो आणीबाणीच्या काळात कर्जाच्या अटी बदलण्याची मुभा देणाऱ्या २००३ च्या कायद्याचा. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी योजना रद्द केली. अटी बदलण्याच्या अधिकारात एवढी मोठी माफी बसत नाही, त्यासाठी संसदेची मंजुरी लागेल, असा निकाल. तोवर दीड कोटीहून जास्त अर्ज मंजूर झाले होते. एकाच्याही खात्यात काही पडलं नाही.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही, आणि हा भाग आपल्याकडच्या बातम्यांत सहसा नसतो. आधीपासून कायद्यात असलेल्या योजना नीट राबवून बायडन सरकारने ५० लाखांहून अधिक लोकांचं मिळून सुमारे १८ हजार कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. सरकारी वा सेवाभावी संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं माफ, ही २००७ पासूनची तरतूद त्यातली एक. सरसकट माफी कोर्टात पडली, पण अटी पाळणाऱ्यांची टिकली.

मुलगा अमेरिकेत शिकतोय. तिथे माफी झाली तर त्याचं कर्ज सुटेल का?

नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना तिथलं सरकारी कर्ज मिळतच नाही. त्याचं कर्ज कॉलेज रोडच्या बँकेतलं असो की ऑनलाइन वित्तसंस्थेतलं, तिथल्या निर्णयाचा त्याच्याशी संबंध नाही.

शेतकऱ्यांचं कर्ज माफ होतं, मग विद्यार्थ्यांचं का नाही?

निफाड-दिंडोरीकडच्या पालकांचा हा हमखास प्रश्न, कारण दोन्ही कर्जं एकाच घरात असतात. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची राज्याची, डिसेंबर २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, सगळ्या त्यांनी पाहिलेल्या आहेत.

फरक असा सांगितला जातो की पीक कर्ज हंगामावर अवलंबून असतं. गारपीट झाली, कांद्याचा भाव पडला, तर शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही आणि त्यात त्याचा दोष नसतो. शिक्षणाने मात्र आयुष्यभराची कमाई वाढते, म्हणून ज्याने लाभ घेतला त्याने फेडावं. युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण अर्धाच. नोकऱ्यांचा बाजारही पडतोच. विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा चार वर्षांनी त्या शाखेला मागणी असेल की नाही हे त्याच्या हातात नसतं, आणि इथे तर पीकविम्यासारखं काहीच नाही. विनाअनुदानित महाविद्यालय काढायला परवानगी सरकारनेच दिली, शुल्कही सरकारी नियामकाने मंजूर केलं, मग पदवीला बाजारात किंमत नसेल तर सगळा बोजा एकट्या कुटुंबावर का, हा माफीवाल्यांचा सवाल बिनतोड आहे.

विरोधकांचा मुद्दाही तितकाच खरा. बारावीनंतर अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात लागलेल्या मुलाने कर्ज घेतलंच नाही. त्याने भरलेल्या करातून इंजिनिअरचं कर्ज का फेडायचं? आणि ज्या घराने दागिने मोडून हप्ते भरले, त्याला काय?

शेतकरी कर्जमाफीने हा शेवटचा प्रश्न चांगलाच दाखवून दिला. २०१७ ला नियमित फेडणाऱ्यांसाठी २५ हजारांपर्यंत, पुढच्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवावं लागलं, ते याच नाराजीमुळे. आणि ते ५० हजार प्रत्यक्ष हातात पडायला २०२२ उजाडलं. प्रत्येक माफीला एक तारीख असते, एक रकमेची मर्यादा असते. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे असणाऱ्यांचं नशीब वेगळं.

मोठ्या उद्योगांची कर्जं बँका रद्द करतात, ती कशी चालतात?

बातमीत येतं ते निर्लेखन. वसुलीची आशा मावळलेलं कर्ज बँक ताळेबंदातून काढते आणि त्याचा तोटा आपल्या नफ्यातून भरून काढते. कर्जदाराची देणी तशीच राहतात, दावा चालू राहतो. विद्यार्थ्यांच्या थकीत कर्जांचंही निर्लेखन होतं, तरी वसुलीवाला येतोच. मोठ्या कंपन्यांकडून वसुली किती होते आणि शिक्षकाच्या घरी नोटीस किती लवकर येते, हा राग मात्र रास्त आहे.

माफी नको तर दुसरा मार्ग कोणता?

केरळने २०१७ मध्ये ९०० कोटींची परतफेड-साहाय्य योजना आणली. सवलतीचा काळ (शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष, जेव्हा हप्ता नसतो) संपल्यावर पहिल्या वर्षीच्या परतफेडीचा ९० टक्के भाग सरकारचा, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी ५० आणि चौथ्या वर्षी २५ टक्के. नोकरी लागून पगार स्थिरावेपर्यंत आधार, नंतर स्वतःच्या पायावर. खातं चालू ठेवणाऱ्यालाही फायदा होतो, थकवण्याचं बक्षीस मिळत नाही.

आमचं मत याच बाजूने आहे. सरकारकडे पैसा असेल तर तो शिकत असतानाच्या व्याजावर आणि पहिल्या तीन-चार वर्षांच्या हप्त्यांवर लावावा. कारण कर्ज बुडतं ते तिथेच. का, ते पुढच्या उत्तरातल्या आकड्यांत दिसेल.

सहा लाख घेतले, बँक आठ लाख का सांगते?

समजा इंजिनिअरिंगसाठी दर वर्षी दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, दर साडेदहा टक्के. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. या काळात ते सरळ पद्धतीने लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण २,२०,५०० रुपये. हप्ता सुरू होतो त्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिसळतं आणि कर्ज ८,२०,५०० चं होतं.

दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ११,०७० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे ९,०७०, पण एकूण परतफेड १६ लाखांच्या वर जाते. पहिल्या नोकरीत १८-२० हजार हातात येणाऱ्या आणि पुण्यात खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलाला यातलं कुठलंच झेपत नाही.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिना सुमारे १,३१० रुपये, दुसऱ्या वर्षी २,६२५, तिसऱ्या वर्षी ३,९४० च्या आसपास, नंतर ५,२५०. कर्ज सहा लाखांवरच थांबतं आणि दहा वर्षांचा हप्ता ८,१०० च्या आत येतो. महिन्याला जवळपास तीन हजारांचा फरक. शिवाय या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना दरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद बँक संघटनेच्या आदर्श योजनेत आहे. शाखेत विचारल्याशिवाय ती कुणी आपणहून सांगत नाही. पूर्ण व्याज जमत नसेल तर निदान पहिली दोन वर्षं भरा, तेव्हा रक्कम छोटी असते.

व्याज सरकार भरतं म्हणतात, ते कुणाचं?

कुटुंबाचं सर्व मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर २००९ पासूनच्या केंद्रीय व्याज अनुदान योजनेत शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं पूर्ण व्याज केंद्र भरतं. २०१८ पासून त्यात साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज धरतात. वरच्या उदाहरणातले २,२०,५०० पूर्ण वाचतात. माफीच्या वाटेकडे डोळे लावण्यापेक्षा हे पदरात पाडून घेणं शहाणपणाचं.

हे अडतं ते जवळपास नेहमी कागदावर. उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगारपत्रक किंवा आयकर विवरण चालत नाही, तहसीलदारांचा दाखलाच लागतो. तो सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढा, कर्जाच्या अर्जासोबतच द्या आणि पोच घ्या. नंतर देऊ म्हणून राहिलेला दाखला राहूनच जातो. दुसरी अडचण शाखेकडूनची. दावा बँकेने ठरलेल्या मुदतीत नोडल बँकेच्या, म्हणजे कॅनरा बँकेच्या, पोर्टलवर टाकायचा असतो. शाखेतला अधिकारी बदलला की दावा राहतो. दर वर्षी खातेउतारा काढून व्याज अनुदान जमा झालं का ते बघा. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. आणि शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान बंद होतं. वैद्यकीय कारण असेल तर तसा कागद ठेवा.

पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना वेगळी आहे का?

आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच, सुरुवातीची यादी ८६० ची. त्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सरकार भरतं, पण दर वर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तर हे तीन टक्के मिळत नाहीत. नाशिकमधलं तुमचं महाविद्यालय यादीत आहे का हे पोर्टलवर स्वतः तपासा, प्रवेश कक्षातल्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. यादी दर वर्षी बदलते.

मुलीला फी माफ आहे, मग कर्ज कशाला?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोटा आणि स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठं यात नाहीत. वसतिगृह, मेस, लॅपटॉप यांचा खर्च उरतोच, त्यापुरतं छोटं कर्ज घ्या. बँकेने फी आधीच भरली असेल आणि नंतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून पैसे आले, तर ते सरळ कर्ज खात्यात भरा. बहुतेक घरांत ते दुसरीकडे खर्च होतात आणि कर्ज जसंच्या तसं राहतं.

द्राक्षबाग तारण म्हणून चालेल का?

सहसा नाही. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागतं, आणि थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. म्हणून सातबारा कितीही मोठा असला तरी बँक मान डोलावत नाही. बिनशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी चालते. गावठाणातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड नसेल तर तिथेही गाडी अडते. भावाभावांच्या सामाईक नावाची मिळकत असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात काकांची सही मिळत नाही. हे काम बारावीच्या दिवाळीत उरका.

"माफी येणारच" म्हणून हप्ते थांबवले तर?

नुकसान तुमचंच. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकबाकीदार, ठरतं. पत-अहवाल (सिबिलसारखा) बिघडतो तो फक्त मुलाचा नाही, सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आई-वडिलांचाही. धाकट्या मुलीच्या कर्जाचा अर्ज मग त्याच कारणाने परत येतो. तारण असेल तर ६० दिवसांची नोटीस येते, पुढे जप्ती. तारण नसेल तर दिवाणी दावा, आणि देणं २० लाख किंवा जास्त असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरण. जामीनदार असेल तर बँक थेट त्याच्याकडेही जाऊ शकते, आधी विद्यार्थ्याकडून वसूल करा असं तिला बंधन नाही.

नोकरीच लागली नाही, हप्ता भरता येत नाही. काय करावं?

९० दिवस व्हायच्या आत शाखेत लेखी अर्ज द्या. हप्ते सुरू होण्याची तारीख पुढे ढकलणं, मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, हे बँकेच्या अखत्यारीत बसतं. खातं अनुत्पादित झाल्यावर हेच मिळवणं अवघड होतं. तोंडी बोलणं धरू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

लोकअदालतीत तडजोड करावी का?

खातं आधीच बुडालेलं असेल तर हो, बघण्यासारखं आहे. राष्ट्रीय लोकअदालत सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आणि तालुका न्यायालयांतही भरते. बँका तिथे दंडव्याज आणि व्याजाचा काही भाग सोडतात, मुद्दल क्वचितच. निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही, म्हणून भरण्याच्या तारखा पाळता येतील तेवढ्याच कबूल करा. तडजोडीनंतर पत-अहवालात "सेटल्ड" अशी नोंद होते. ती पूर्ण फेडल्याच्या नोंदीसारखी नसते, आणि गृहकर्ज घेताना आड येते.

सरकारी हमी आहे, मग बुडालं तर बँकेचं काय बिघडतं?

हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जात हमी निधी बँकेला थकीत रकमेच्या ७५ टक्के देतो, त्यानंतरही वसुली सुरूच राहते.

आयकरात सूट मिळते का?

८०ई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षं मिळते, वरची मर्यादा नाही. मुद्दलाची मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत व्याजाचीही नाही. पतसंस्थेचं किंवा नातेवाइकाचं कर्ज यात बसत नाही.

"कर्जमाफी प्रमाणपत्र काढून देतो" असा फोन आला. खरं का?

खोटं. अशा जाहिराती आणि प्रमाणपत्रांबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. ही मंडळी "कायदेशीर फी" आधी घेतात आणि बँकेला काही भरू नका म्हणतात. तेवढ्यात खातं बुडतं. खरी सरकारी योजना असेल तर शासन निर्णय निघतो, आणि खात्यांची छाननी बँक करते, एजंट नाही.

बँक ऐकत नसेल तर दाद कुठे मागायची?

आधी शाखेत लेखी तक्रार, मग बँकेच्या विभागीय कार्यालयात. सरकारी योजनेतल्या अडचणीसाठी जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. नाशिकची अग्रणी बँक, बँक ऑफ महाराष्ट्र. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची परवानगी नाही. तसं घडलं तर फोनची तारीख-वेळ आणि शक्य असेल तर रेकॉर्डिंग तक्रारीला जोडा.